'हेवी पॅसेंजर' म्हणजे जड प्रवासी?

अडलेली भाषांतरकार
ब्रिटिश काळातल्या वाफेच्या इंजिनांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. त्यात दर दोन ओळींनी 'स्टँडर्ड पॅसेंजर', 'लाइट पॅसेंजर', 'हेवी पॅसेंजर' असे प्रकार येतात. पहिल्या खर्ड्यात मी 'जड प्रवासी इंजिन' लिहिलं. नवऱ्याने वाचून विचारलं, "सडपातळ माणसांना वेगळी गाडी होती का?" तेव्हापासून गाडी अडलीय. शिवाय आपल्याकडे पॅसेंजर म्हणजे प्रत्येक स्टेशनाला मुक्काम करणारी गाडी. मग ही इंजिनं मेलला लावत नसत का?

कुर्डुवाडीकर
नवऱ्याला पैकीच्या पैकी गुण!

मेलला हीच इंजिनं लावत. इथे 'पॅसेंजर' हा 'गुड्स'चा जोडीदार. माणसं नेणारी गाडी मेल असो की रखडणारी, तिला ओढणारं ते पॅसेंजर इंजिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या रेल्वेंसाठी इंजिनांचे ठरावीक नमुने आखले गेले. एसपी म्हणजे स्टँडर्ड पॅसेंजर, एसजी म्हणजे स्टँडर्ड गुड्स, एचपी आणि एचजी हे त्यांचे 'हेवी' भाऊबंद. एसपीची मोठी चाकं सहा फूट दोन इंच व्यासाची, म्हणजे शेजारी उभा राहिलो तर माझ्या टाळूच्या वर. एसजीची पाच फूट दीड इंच. मोठं चाक एका फेऱ्यात लांब पल्ला मारतं, म्हणून ते पळण्याच्या कामाचं. माल ओढायचा तर चाकं लहान आणि एकमेकांना जोडलेली जास्त.

आता 'हेवी'. जडपणा प्रवाशांचा नाही, इंजिनाचा. मुख्य प्रश्न असायचा, एकेका आसामागे रुळावर किती भार पडतो. रूळ आणि पूल जेवढं पेलतील तेवढंच इंजिन त्या मार्गावर घालायचं. १९२०च्या दशकात ब्रॉडगेजसाठी नवे नमुने आले, तेव्हाही हीच वाटणी: एक्सए शाखामार्गांसाठी, एक्सबी लाइट पॅसेंजर, एक्ससी हेवी पॅसेंजर.

आमच्या गावात याचं जुनं उदाहरण आहे. बार्शी लाइट. १८९७ साली सुरू झालेली, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी. लहानपणी मला वाटायचं, तिला दिवे असतील म्हणून लाइट. पण एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने ती बांधताना नियमच केला होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार वाटला जावा म्हणून इंजिनाला जास्त चाकं दिली, आणि मग दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. लाइट ती ही! आजीबरोबर पंढरपूरला जाताना खिडकी तिला हवी असायची आणि डोळ्यात गेलेला कोळशाचा कण पदराच्या टोकाने मी काढायचा.

लिंगविचार
मराठीने या शब्दाची सोय लिंगावर केली आहे, ते बघा. 'पॅसेंजर आला' म्हणजे माणूस, 'पॅसेंजर आली' म्हणजे गाडी (बाई उतरली तरी आपण 'पॅसेंजर आली' म्हणत नाही, 'एक बाई आल्या' म्हणतो). आणि 'पॅसेंजर इंजिन आलं'. तिन्ही लिंगं झाली. रिक्षावाल्याच्या तोंडी मात्र पॅसेंजर म्हणजे नुसतं भाडं.

'मेल'चंही तसंच. मुळात टपाल नेणारी गाडी, पण आपल्या कानाला मेल म्हणजे वेगवान. तिच्यासमोर पॅसेंजर हळू ठरली. इंग्रजी नावात वेग कुठेच नव्हता, तो आपण भरला.

नवा सभासद
हिंदीत 'सवारी गाडी' म्हणतात. सवारी इंजिन चालेल?

लिंगविचार
नको हो. मराठीत स्वारी एक तर राजाची, नाही तर "कुठे निघाली स्वारी?" असं खवचटपणे विचारायची.

आगीनगाडी
थोडं विषयांतर. 'आगगाडी' शब्दात आग कुठून आली? गाडी ओढते वाफ. माझं मत, हा शब्द बंदरातून आला. 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट मुंबईहून सुएझला निघाली १८३० साली. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं जोडून. म्हणजे आगबोट दोन दशकं आधी पाण्यात होती. लोकांनी तिच्यावरून आगगाडी बेतली असावी. गुजरातीतही आगबोट आणि आगगाडी दोन्ही आहेत.

आणि 'झुकझुक' चाकांचा आवाज नव्हे! काम संपलेली वाफ धुराड्यातून सुटते, तिचा तो हुंकार. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या जातानाही वाफ ढकलते आणि येतानाही. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार झुक. वर कुर्डुवाडीकरांनी दिलेलं सहा फूट दोन इंची चाक घेतलं तर ताशी २० किलोमीटरला सेकंदाला जेमतेम चार झुक पडतात. मालगाडीच्या लहान चाकाला तेवढ्याच वेगात साडेचार. वेग माहीत असेल आणि कान तयार असेल तर इंजिन न बघता सांगता यावं, माणसं चालली आहेत की माल.

अडलेली भाषांतरकार
सगळ्यांचे आभार. एकदा 'प्रवासी गाड्यांचं जड इंजिन' असं फोडून लिहीन आणि पुढे सरळ 'हेवी पॅसेंजर' ठेवीन. नाव आहे ते, विशेषण नव्हे. 'जड प्रवासी' पुसलं.

पण पुढच्याच परिच्छेदात इंजिनाच्या मागे जोडलेलं 'टेंडर' आलंय. तिथे मी 'निविदा' लिहून बसले होते.

कुर्डुवाडीकर
कोळसा-पाण्याची गाडी म्हणा. आणि तो परिच्छेद आधी नवऱ्याला दाखवा.