लीगच्या सरावाला थेट जीटी३, की आधी हळू गाडी?

फोंडेकर :

चवथीनंतर आपल्या लीगचा नवा हंगाम सुरू होत आहे. खेळ तोच, संगणकावरचा मोटारशर्यतींचा 'असेटो कोर्सा'; मात्र या वेळी गाड्या जीटी३ या पंखवाल्या, वेगवान शर्यतगाड्यांच्या वर्गातल्या आहेत आणि पहिली शर्यत इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर आहे. गेल्या हंगामात आपण माझदा एमएक्स-५ कप चालवत होतो, म्हणजे दीडशेच्या आसपास अश्वशक्तीची, हलकी, मागे पंख नसलेली गाडी. तिथून एकदम पाचशे अश्वशक्तीच्या घरात जायचे आहे. वेळापत्रक जाहीर झाल्यापासून सरावाच्या सर्व्हरवर जो तो जीटी३ घेऊन उतरतो, पहिल्या शिकेनला (वेग कमी करायला लावणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांच्या जोडीला) सरळ वाळूत जातो, एस्केप दाबून पिटमध्ये परततो आणि पुन्हा तेच करतो. याला सराव म्हणायला माझे मन तयार नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की सरावाच्या प्रत्येक सत्राचा पहिला अर्धा भाग सर्वांनी एमएक्स-५ मध्येच करावा आणि जीटी३ उरलेल्या अर्ध्या भागात घ्यावी. कारण सरळ आहे. हळू गाडी चूक लपवत नाही. मोंझाच्या दुसऱ्या लेस्मो वळणातून बाहेर पडताना तुमचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरने कमी असला, तर एमएक्स-५ मध्ये त्याची शिक्षा पुढच्या आस्कारी वळणापर्यंतच्या सबंध सरळ पट्ट्यावर भोगावी लागते, कारण तो वेग भरून काढण्याइतकी ताकद त्या इंजिनात नाही. जीटी३ मध्ये तीच चूक केली, तर इंजिन ओढून नेते, ट्रॅक्शन कंट्रोल मागची चाके सावरते, आणि आपण चुकलो हे आपल्याला घड्याळ पाहीपर्यंत कळतही नाही. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा कायदा आधी ठाय लयीत बसवतो आणि मगच दुगुनीला हात घालतो. चौगुनीपासून सुरुवात केलेला विद्यार्थी कोणत्या गुरूने उभा करून घेतला असेल?

मडगावकर :

फोंडेकरबाब, उदाहरण चांगले आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जाते. ठाय लयीतून दुगुनीत जाताना कायद्याचे बोल तेच राहतात, फक्त लय वाढते. एमएक्स-५ मधून जीटी३ मध्ये जाताना बोलच बदलतात.

हे नुसते शब्दांचे भांडण नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पंखांमुळे गाडीवर खाली येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगाने येणारी जीटी३ ब्रेक लावत १२० वर आली की तो दाब निम्मा नव्हे, चौथ्या हिश्शावर आलेला असतो. परिणामी सुरुवातीला टायर रस्त्याला घट्ट धरून असतात आणि ब्रेकवर पूर्ण जोर देता येतो. मग वेग उतरतो तसतशी पकड कमी होते आणि पायही तितक्याच बेताने हलका करावा लागतो. पंख नसलेल्या एमएक्स-५ मध्ये हा चढउतार जवळजवळ नसतोच. तिथे माणूस ब्रेकवर जपून पाय टेकवायला शिकतो आणि तीच सवय जीटी३ मध्ये घेऊन गेला की अंतराच्या पाट्या संपल्या तरी गाडी थांबत नाही. जे वाळूत जात आहेत, त्यातले बरेचसे याच सवयीने जात आहेत, असे मला त्यांच्या रिप्ले पाहून वाटते.

शिवाय एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांना तुम्ही चुकांवरचे पांघरूण मानता, मी त्यांना गाडीचा भाग म्हणतो. ज्या जीटी३ गाड्यांत त्यांचे टप्पे चालकाला बदलता येतात, तिथे कोणता टप्पा कधी घ्यायचा हे कौशल्यच आहे आणि ते त्या गाडीत बसूनच येते. ड्युटीवरून घरी येऊन, जेवण उरकून, मुलांना झोपवून जो एक तास हाती लागतो, त्यातला अर्धा तास अशा गाडीला देणे, जी शर्यतीत असणारच नाही, हे मला पटत नाही.

डिचोलीकर :

मी फोंडेकरांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. तुम्ही दोघेही एकट्या गाडीबद्दल बोलत आहात. लीगमध्ये आपण एकटे नसतो.

ताशी २५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ६९ मीटर जाते. म्हणजे निर्णयाला दशांश सेकंद उशीर झाला, तर जवळजवळ सात मीटर, दीड गाडीची लांबी, निघून गेलेली असते. १५० च्या वेगाला तेवढ्याच उशिरात चार मीटरांच्या आसपास जातात. शेजारी गाडी असताना आतली बाजू सोडायची की धरून ठेवायची, पुढच्याने ब्रेक लवकर लावला तर कुठे सरकायचे, आरशात दिसणारा खरोखर घुसणार आहे की केवळ धाक दाखवतो आहे, या गोष्टी डोळ्यांना शिकवाव्या लागतात आणि त्या शिकायला हळू गाडीच हवी. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या छोट्या इंडी ट्रॅकवर एमएक्स-५ ची एक फेरी मिनिटाच्या आसपास होते. अर्ध्या तासात दोन गाड्या एकमेकींना खेटून जितक्या वेळा वळणात शिरतील, तितक्या वेळा मोंझाला दोन संध्याकाळीही शिरणार नाहीत.

जे खरोखर या वाटेने पुढे गेले त्यांच्याकडेही पाहावे. २००८ साली निसान आणि सोनी यांनी 'ग्रान तुरिस्मो' हा शर्यतींचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतून चालक निवडण्याचा जीटी अकॅडमी हा उपक्रम सुरू केला आणि त्याचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ ठरला. २०११ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या खास शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइप गाड्यांच्या वर्गात त्याच्या संघाला दुसरा क्रमांक मिळाला. पण त्याला कोणी थेट त्या गाडीत नेऊन बसवले नव्हते. आधी जीटी३ हून हळू अशा जीटी४ च्या पातळीवरची गाडी होती, मग पुढचे सगळे.

मडगावकर :

ताई, ओर्दोन्येझला पायऱ्या चढायला लावल्या, कारण खरी गाडी भिंतीवर गेली तर माणूस जातो आणि पैसाही जातो. आपली गाडी भिंतीवर गेली तर एक बटण दाबावे लागते. खऱ्या शर्यतींतली शिडी ही मुख्यतः धोका आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी आहे. शिकण्याचा तोच एकमेव क्रम आहे म्हणून नव्हे. कोणी म्हणेल, आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या खेळातही नवख्याला रुकी, म्हणजे सर्वांत खालच्या, परवान्यापासून सुरुवात करावी लागते आणि तिथेही एमएक्स-५ असते. ते खरे आहे, पण त्या परवान्याचा हेतू अनोळखी लोकांच्या शर्यतीत शिस्त राहावी हा आहे. आपण सगळे एकमेकांना ओळखतो, आणि कोण कुठे घुसतो हेही ओळखतो. (डोळे मिचकावून म्हणतो, फोंडेकर आस्कारीला घुसतात.)

सिम्युलेटरचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे तिथे चूक फुकट असते. तो फायदा हातात असताना आपण खऱ्या रस्त्यावरची सावधगिरी आणून तो स्वतःहून का सोडावा?

फोंडेकर :

चूक फुकट असते म्हणूनच ती सवय होते, हा माझा आक्षेप आहे आणि त्याला उत्तर आलेले नाही. ब्रेकच्या चढउताराचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यावर मी एक सुधारणा सुचवतो. एमएक्स-५ ऐवजी बीएमडब्ल्यू एम२३५आय रेसिंग घ्या. ३३३ अश्वशक्ती, एबीएस आहे, आणि तरीही चूक लपवण्याइतकी चपळ नाही. मधली पायरी म्हणून ती चालावी.

मडगावकर :

तिच्यावरही जीटी३ सारखा पंख नाही. माझा मुद्दा पंखांचा होता, एबीएसचा नव्हे.

काणकोणकर :

मी या हंगामात नवीन आहे, त्यामुळे मोठ्यांच्या वादात पडण्याआधी क्षमा मागतो. परंतु कोणीच बोलत नाही अशी एक गोष्ट मला दिसते, ती म्हणजे खुर्ची आणि पेडल.

माझ्याकडे लॉजिटेक जी२९ हा स्टीअरिंग आणि पेडलचा संच आहे. त्याच्या ब्रेकच्या पेडलात रबराचा गट्टू असतो, त्यामुळे पूर्ण ब्रेक हवा असेल तर चांगलाच जोर लावावा लागतो. एमएक्स-५ मध्ये मला ही अडचण कधी जाणवली नाही, कारण तेवढा जोर लावायची वेळच फार थोड्या ठिकाणी येत असे. जीटी३ घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी पेडलचा संच गुळगुळीत लादीवरून पुढे सरकत भिंतीपर्यंत गेला आणि चाकांची खुर्ची मला घेऊन मागे गेली. पडद्यावर ब्रेकची पट्टी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर अडकलेली दिसत होती आणि मी मात्र ब्रेकिंगचा बिंदू मागे-पुढे करत बसलो होतो. आता पेडल आणि भिंत यांच्यामध्ये फळी घातली आहे आणि खुर्चीच्या चाकांखाली जुने बूट ठेवले आहेत. घरच्यांना हे दृश्य अजून नीट समजलेले नाही, पण पट्टी शंभरावर जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की मडगावकर सांगतात तो ब्रेक आधी आपल्या साहित्यात बसतो का, हे प्रत्येकाने तपासावे, आणि ते तपासायला जीटी३ च लागते. मी या बाबतीत त्यांच्या बाजूने आहे. ज्यांच्याकडे मोझा आर५ सारखे साडेपाच न्यूटन-मीटरचे चाक आहे, त्यांना स्टीअरिंगमधून मागचा भाग सुटू लागल्याचे आमच्याआधी कळते. जी२९ ची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे आम्हाला ते आवाजावरून आणि डोळ्यांनी ओळखावे लागते. त्यासाठी त्याच गाडीत बसून कान तयार करावे लागतात.

पणजीकर :

सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून जे दिसते ते लिहितो. वाद गाडीचा चालला आहे, पण पहिल्या फेरीतल्या धडका गाडीमुळे होत नाहीत. त्या सरावाच्या पद्धतीमुळे होतात.

सरावात प्रत्येक जण टाकीत चार थेंब पेट्रोल ठेवतो, दोन फेऱ्या मारून टायर गरम करतो आणि तिसऱ्या फेरीची वेळ लिहून घेतो. शर्यतीच्या दिवशी त्याच माणसाच्या टाकीत साठ लिटर असतात, म्हणजे सुमारे ४५ किलो जास्त वजन. टायर थंड असतात, कारण आपल्या सर्व्हरवर टायर ब्लँकेट (टायर आधीच गरम ठेवणारी आवरणे) बंद आहेत. आणि चारही बाजूंना गाड्या असतात. पुढे जाणाऱ्या गाडीच्या मागे हवा विरळ झाल्यामुळे सरळ पट्ट्यावर तुमचा वेग नेहमीपेक्षा वाढलेला असतो, आणि पहिल्या शिकेनला त्याच हवेमुळे तुमच्या पंखांना हवा तितका दाब मिळत नाही. म्हणजे वेग जास्त, वजन जास्त, पकड कमी, आणि ब्रेक मात्र तिसऱ्या फेरीतल्याच पाटीवर. यात एमएक्स-५ चालवली होती की नव्हती, याने फारसा फरक पडत नाही.

म्हणून मला वाटते की सक्ती करायचीच असेल तर भरलेल्या टाकीने, थंड टायरवर, सर्वांनी मिळून सुरुवातीचा सराव करण्याची करावी. दोन फेऱ्या, थांबा, पुन्हा ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) उभे राहा, पुन्हा दोन फेऱ्या.

डिचोलीकर :

हे मला मान्य आहे, आणि माझ्या मूळ मुद्द्याच्या जवळचे आहे. मात्र काणकोणकरांसारखे नवे सदस्य अशा सत्रात पहिल्याच दिवशी जीटी३ घेऊन वीस गाड्यांच्या मध्ये सापडले, तर ते शिकणार काय? त्यांना आणि त्यांच्या मागच्यांना दोघांनाही मनस्ताप होईल. सुरुवातीच्या सरावाच्या पहिल्या काही फेऱ्या तरी हळू गाडीत घ्याव्यात, ही माझी मागणी कायम आहे. गाडी कोणती हे पंखांवरून ठरवायचे असेल तर ठरवा, पण धीर यायला हळू गाडी लागते.

मडगावकर :

पणजीकरांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा. ताईंच्या मागणीला नाही. धीर येण्यासाठी मागून सुरुवात करावी. शेवटच्या दोन रांगा नव्यांना द्याव्यात, त्यांना समोरचा सगळा गोंधळ दिसेल आणि अंगावर कोणी येणार नाही. तीच गाडी, तोच ब्रेक, फक्त जागा सुरक्षित.

फोंडेकर :

शेवटची रांग सुरक्षित असते, हे आपण मोंझाला पहिल्या शिकेनमध्ये कधी पाहिले ते कळवावे. पुढे दोघे अडकले की सगळी रांग आकुंचन पावते आणि मागचे सर्वांत जास्त वेगात तिथे पोचतात. नव्याला तिथे उभे करणे म्हणजे त्याला सर्वांत अवघड ब्रेक सर्वांत आधी लावायला सांगणे आहे.

भरलेली टाकी आणि थंड टायर यांच्याशी माझे भांडण नाही. पण हळू गाडीचा आग्रह मी सोडत नाही. ठाय लय जमली नाही तर पुढचे सगळे हाताला लागते, कानाला लागत नाही.

पणजीकर :

वाद मिटण्याची लक्षणे नाहीत, म्हणून या रविवारी रात्री नऊ वाजता दोन सत्रे ठेवतो. पहिले सत्र ब्रँड्स हॅच इंडी, एमएक्स-५, ऐच्छिक. त्यानंतर मोंझा, जीटी३, साठ लिटर, थंड टायर, ग्रिडवरून सुरुवात, आणि हे सर्वांना बंधनकारक. दोन्ही वर्ग एकाच सर्व्हरवर एकत्र सोडण्याची सूचना कोणीतरी खासगीत केली आहे. ती मी आत्ताच नाकारतो, कारण मोंझाच्या सरळ पट्ट्यावर एवढ्या वेगाच्या फरकाने गाड्या सोडल्या तर कोणाचाच सराव होणार नाही. दोन्ही सत्रांचे रिप्ले जपून ठेवीन. पहिल्या सत्राला आलेले आणि न आलेले दुसऱ्या सत्राच्या पहिल्या शिकेनला काय करतात, ते रिप्लेमध्ये पाहून मग नियमावर मतदान घेऊ. पाऊस असला तर ज्यांच्याकडे यूपीएस नाही त्यांनी आधी कळवावे, म्हणजे वीज गेल्यावर उभी राहिलेली गाडी कोणाची हे शोधत बसावे लागणार नाही.

काणकोणकर :

मी दोन्ही सत्रांना येईन. यूपीएस नाही. दुसऱ्या सत्रात मला शेवटच्या रांगेत ठेवू नये, मधली चालेल.