विश्रामबाग–मिरज रोज, अधूनमधून पुणे: हायब्रिड घ्यावी की इलेक्ट्रिक?

विश्रामबागची:

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत राहतो. आमची जुनी डिझेल गाडी आता काढायची आहे आणि तिच्या जागी काय आणायचं यावर घरात एकमत होईना. भाचा म्हणतो इलेक्ट्रिकच घ्या. शोरूमवाले हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या मागे लागलेत. सासरे म्हणतात पेट्रोल बरी, निदान कुठंही दुरुस्त होते.

आमचं फिरणं असं: मी फिजिओथेरपिस्ट, रोज विश्रामबाग ते मिरज जाऊन-येऊन, वाटेत एक-दोन पेशंट घरी जाऊन बघते. ह्यांचं हळदीचं अडत दुकान मार्केट यार्डात. आठवड्यातून एकदा तासगावच्या पुढे द्राक्षबागेत. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने तिकडे. मे महिन्यात सगळे पाचगणीला. बंगला स्वतःचा, गाडी फाटकाच्या आत लागते.

तर विचारायचं हे की हायब्रिड रात्री चार्ज करावी लागते का? एकाच शोरूममध्ये दोघांनी दोन उत्तरं दिली. ई-गाडी चार माणसं आणि सामान घेऊन पाचगणीच्या वाटेवरचा पसरणीचा घाट चढते का? आणि मुख्य म्हणजे पूर. माहेर सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात आहे. २०१९ ला काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. पाण्यात बॅटरीचं काय होतं? वापरणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.

कृष्णाकाठ_वाळवा:

मी हायब्रिड चालवतो आणि समाधानी आहे. पंपांच्या सुट्या भागांचा धंदा आहे, आज सोलापूर तर उद्या बेळगाव. मुक्काम कुठं पडेल ते सकाळी माहीत नसतं आणि लॉजवर प्लग मागत बसायला वेळ नसतो. चार्जिंगची भानगड नाही, पेट्रोल टाकायचं आणि निघायचं. कंपनीच्या कागदावर लिटरला २७.९७ आहे. मला गावातल्या गर्दीत बावीस-तेवीस मिळतं, हायवेला शंभरच्या वेगात अठरा-एकोणीसवर येतं. हो, उलटं आहे. साध्या गाडीला हायवे मानवतो, हिला गर्दी. पेठ नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की इंजिन बंद पडतं, एसी चालू राहतो, गाडी बॅटरीवर पुढं सरकते. गळीत हंगामात याची किंमत कळते.

लांब उतारावर मात्र बॅटरी चार-पाच किलोमीटरात भरते, मग इंजिन नुसतं फिरून ब्रेकचं काम करतं आणि आवाज वाढतो. नवा माणूस घाबरतो, पण तो बिघाड नाही.

एक गोष्ट मनापासून वाटते म्हणून लिहितो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिड इनोव्हाचा नमुना दाखवला होता. आपल्याकडे कारखाने इथेनॉल बनवतातच. ती गाडी बाजारात आली पाहिजे, आपल्या मुलखाला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

रिवाइंडिंगवाला_सातारा:

ताई, गाडी कुठली ते पुढचं. ती रात्री कुठं उभी असते ते आधी बघायचं. तुमची फाटकाच्या आत असते आणि रोजची धाव तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माझं स्पष्ट मत, इलेक्ट्रिक घ्या. वाळव्याच्या दादांनी हायब्रिड घेतली तीही योग्यच, त्यांची गाडी रोज वेगळ्या गावी मुक्कामाला असते.

माझं साताऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विहिरीवरच्या पाच आणि साडेसात एचपीच्या मोटरी, सबमर्सिबल, गिरणीच्या मोटरी. तांब्याची तार आणि वार्निश यातच आमचं घर चाललं. त्यामुळे ई-गाडीकडे मी गाडी म्हणून नंतर बघतो, मोटर म्हणून आधी, आणि ती मोटर बघून मला खरंच भरून आलं होतं. आमच्याकडची पाच एचपीची मोटर एकट्या माणसाला उचलत नाही. गाडीतली शंभरच्या वर एचपी देणारी मोटर मोठ्या कलिंगडाएवढी. हे कसं जमतं? शेतातली मोटर सेकंदाला ५० सायकलच्या (हर्ट्झच्या) सप्लायला बांधलेली, मिनिटाला १,४४० नाहीतर २,८८० फेरे, त्याच्या पलीकडे नाही. गाडीत कंट्रोलर बॅटरीच्या डीसीचा एसी करतो आणि सायकल हवी तशी कमी-जास्त करतो. त्यामुळे मोटर दहा हजार फेऱ्यांच्या वर जाते. आत तगडी चुंबकं असतात, बाहेरून गार ठेवणारं कूलंट फिरतं.

घाटाचं उत्तर इथंच आहे. शेतात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुंगते, करंट खाते आणि जळते, मग ती माझ्याकडे येते. पण कंट्रोलरवरची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते. क्लच नाही, गिअर उतरवणं नाही. वाईपासून पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटर उंच. माणसं-सामान धरून गाडी अठराशे किलो धरली, तर तेवढं वजन नुसतं वर उचलायला पावणेतीन युनिट लागतात. रस्त्यावर चालायचे दीड-दोन युनिट वेगळे. ४५ युनिटांच्या बॅटरीतून ही फार मोठी रक्कम नाही. आणि उतरताना पाय काढला की तीच मोटर जनरेटर होते. चढायला घातलेल्यापैकी साधारण निम्मं परत येतं, ब्रेक पॅड झिजत नाहीत.

आता हायब्रिडबद्दल. तुम्हाला दोन उत्तरं मिळाली कारण बाजारात एकाच नावाखाली वेगवेगळ्या गाड्या आहेत. माइल्ड हायब्रिडमध्ये स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हातभार लावतो, एवढंच. तिच्यासाठी ज्यादा पैसे मोजू नका. दादांची आहे ती स्ट्राँग हायब्रिड, ती काही अंतर निव्वळ मोटरवर जाते. या दोन्ही चार्ज करायच्या नसतात. प्लगवर लावायची प्लग-इन हायब्रिड असते, पण ती आपल्याकडे महागड्या गाड्यांतच मिळते.

स्ट्राँग हायब्रिडचं तंत्र फार सुंदर आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस काढली. एक इंजिन, दोन मोटर-जनरेटर आणि मधे ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर, सगळं जोडून. इंजिनाला जिथं कमी पेट्रोल लागतं तिथंच त्याला चालवायचं, कमी-जास्तचा हिशोब मोटरीनं सांभाळायचा. बॅटरी छोटी असते. टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडमध्ये पाऊण युनिटाची, टाटाच्या नेक्सॉन ईव्ही या ई-गाडीत ४५ ची. दादांची बॅटरी उतारावर लगेच का भरते ते यावरून लक्षात येईल.

लोकांना वाटतं ही कालची फॅशन आहे. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेलेली पहिली मोटारगाडी बॅटरीवरची होती. बेल्जियमचा कामिल जनात्झी चालवत होता. पुढच्याच वर्षी फर्डिनांड पोर्शने इंजिन आणि मोटर एकत्र असलेली गाडी बनवली. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला, हँडल मारायची कटकट गेली आणि पेट्रोल गाडीने मैदान मारलं. बॅटरीच्या गाडीला विजेच्याच मोटरीने हरवलं, मला याचं अजून आश्चर्य वाटतं. खरी अडचण शिशाच्या बॅटरीची होती: एका किलोत तीस-चाळीस वॅट-तास वीज. आज लिथियम लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये दीडशेच्या आसपास मावतात. २००१ ला बंगळुरूची रेवा आली ती शिशाच्याच बॅटऱ्यांवर, म्हणून ती शहराच्या बाहेर फारशी पडली नाही. नेक्सॉन ईव्ही २०२० ला आली तेव्हा लिथियम स्वस्त होऊ लागलं होतं.

पैशांचं बघा. घरी एका युनिटाला मला साडेसहा-सात किलोमीटर पडतात. पण महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे जवळपास दुप्पट होतो आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. तुमचे महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट वाढतील, ते घरच्या मीटरवर पडले तर हे वाढीव युनिट वरच्या स्लॅबच्या दराने लागतील. म्हणून गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागा. २०२४ पासून ग्राहकाला तो हक्क आहे. नाहीतर छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवा, केंद्राचं अनुदान ७८,००० पर्यंत मिळतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटपर्यंत मिळतात. तुमच्या गाडीला रोजचे चार-पाच लागतील.

पसरणी_वाई:

मी नर्सरी चालवते आणि हा घाट माझा नेहमीचा. ताई, चढायची काळजी सोडा, उतरायची एक गोष्ट लक्षात ठेवा. पाचगणीला मुक्काम असेल तर रात्री बॅटरी शंभर टक्के भरू नका, नव्वदवर थांबवा. पूर्ण भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, मग सुरुवातीच्या वळणांवर पाय काढला तरी गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. माझ्या मुलाला मी हे पहिलं शिकवलं.

आणखी एक. ई-गाडीतही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही, दार उघडायचीही पंचाईत. तीन-चार वर्षांनी तपासून घ्या.

विश्रामबागची:

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. साताऱ्याच्या दादांना अजून दोन प्रश्न. पुणे एका दमात होईल का? आणि पुराचं राहिलंच. शिवाय सासऱ्यांनी तुमचं उत्तर वाचून विचारलंय की वीज तर कोळशावरच होते, मग धूर फक्त इथून तिकडे गेला ना?

रिवाइंडिंगवाला_सातारा:

पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर धरा. ४५ युनिटांच्या बॅटरीवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने एका दमात पोचाल. शंभर-एकशेदहाने हाणली तर हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि खंबाटकीच्या आधीच टक्के मोजत बसाल. कागदावरच्या रेंजच्या दोन-तृतीयांश धरून चालायचं, म्हणजे घोर लागत नाही. लागलंच तर कराड किंवा साताऱ्यात फास्ट चार्जरला लावा, चहा-नाश्ता होईपर्यंत ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. तिथंच थांबवा, त्यापुढे बॅटरी जपण्यासाठी चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केलेला असतो आणि मागे दुसरा कोणी थांबलेला असतो. तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा चढा असतो.

काकांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात कोळशाची वीज जास्त आहे, हे खरंच. पण पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी चाकापर्यंत पाव हिस्सा कसाबसा पोचतो, बॅटरीतली वीज मात्र ऐंशी टक्क्यांच्या वर पोचते. औष्णिक केंद्रातलं नुकसान धरूनही ई-गाडी मागे पडत नाही. आणि सगळा कोळसाच आहे असंही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तुमच्या छतावर सोलर आलं तर प्रश्नच मिटला. पेट्रोल गाडी पंधरा वर्षं पेट्रोलच पिणार, ई-गाडीची वीज दरवर्षी स्वच्छ होत जाणार. मिरजेत दवाखान्यांपुढच्या गर्दीत पेशंट ज्या धुरात उभे असतात, तो तरी तुमच्या गाडीचा नसेल.

आता पूर. २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या मोटरी माझ्या दुकानात इतक्या आल्या की ठेवायला जागा नव्हती. चिखल धुऊन, भट्टीत वाळवून, पुन्हा वार्निश देऊन त्यातल्या बऱ्याच उठवल्या. गाडीच्या बॅटरीला हा उपाय चालत नाही, तिला कोणी हात लावायचा नाही. बॅटरीला आयपी ६७ असं मानांकन असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायची हमी. रस्त्यावर साठलेल्या पाण्यातून जाताना शॉक बसेल ही भीती नको. पण सांगलीचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, दिवसेंदिवस उभं राहतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांकडे चालली की गाडी गावभागातून काढून विश्रामबागेत आणा. बुडालीच तर चालू करून बघू नका, चार्जरला लावू नका, दोरी बांधून ओढू नका. चाक फिरलं की मोटर वीज तयार करते. चारही चाकं वर राहतील अशा सपाट ट्रकवर (फ्लॅटबेडवर) चढवून सर्व्हिस सेंटरला न्यायची. विमा उतरवताना बॅटरीचं पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरलंय का, ते लेखी घ्या.

बुकिंगच्या आधी एक काम करा. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र ओढून घ्या, तिला स्वतःचा एमसीबी (जादा करंटला तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा). वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगचा खड्डा नव्याने भरायला सांगा. जुन्या बंगल्यांत तो कोरडा पडलेला असतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. लोक गाडीला दोष देतात. मोजलेल्या व्होल्टेजचा आकडा इथं टाका, मी बघून सांगतो.