मदत हवी आहे: टाउन हॉलसमोर दिवाळीचा देखावा, लक्ष्मीच्या मूर्तीसाठी परवानगी कशी मागावी? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आमच्या मराठी मंडळाने यंदा टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर दिवाळीचा देखावा मांडायचं ठरवलंय. दर डिसेंबरला तिथे ख्रिसमस ट्री आणि मेनोरा (ज्यूंच्या हनुका सणाचा दीपस्तंभ) असतो, म्हणून अर्ज केला. मोठा आकाशकंदील, ठिपक्यांची रांगोळी, मुलांनी केलेला किल्ला, त्यावर मावळे, आणि मधोमध चौरंगावर लक्ष्मीची मूर्ती. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारच्या, वकिलांचं उत्तर आलं की कंदील, रांगोळी, किल्ला चालेल, ते टाउनशिपतर्फेच लावू. मूर्ती नको, कंदिलावरचा ॐ सुद्धा नको.

मंडळात दोन तट पडलेत. बरेच जण म्हणतात, मिळतंय ते घ्या, पूजा घरी होतेच. मला ते पटत नाही. आमच्या सणातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे टाउनशिपच्या वकिलांनी का ठरवावं? पण टाउनशिपने लक्ष्मी स्वतःच्या नावाने मांडावी, असंही मला अजिबात नकोय. करदात्यांच्या पैशाने देव मांडले जायला लागले की इथे कोणाचा देव सगळ्यात मोठा असेल, हे वेगळं सांगायला नको. आपण इथे संख्येने थोडे आहोत, सरकार धर्मापासून लांब राहिलं तर त्यात आपलंच भलं आहे.

जमेल तेवढे निकाल वाचले. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराच्या गव्हाणीच्या (येशूजन्माच्या) देखाव्याला सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ५-४ ने मान्यता दिली, कारण सोबत सांताचं घर, रेनडिअर, ट्री असं सगळं होतं. १९८९ च्या पिट्सबर्गच्या खटल्यात कोर्टाच्या इमारतीत मुख्य जिन्यावर मांडलेली एकटी गव्हाण घटनाबाह्य ठरली. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेरचा १८ फुटी मेनोरा मात्र चालला, कारण शेजारी ४५ फुटी ट्री होता आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा महापौरांचा फलक होता. आपल्या जर्सी सिटीचंही तेच. सिटी हॉलसमोरचा देखावा आधी कोर्टात टिकला नाही. मग शहराने त्यात सांता, फ्रॉस्टी हा बर्फाचा माणूस आणि क्वान्झा या आफ्रिकन-अमेरिकन सणाची चिन्हं घातली, आणि १९९९ मध्ये तिसऱ्या सर्किट कोर्टाने (आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने) तो मान्य केला.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. बाळ येशूला कायद्यात बसवायला शेजारी बर्फाचा माणूस उभा करावा लागत असेल, तर श्रद्धाळू ख्रिश्चन माणसाला काय वाटत असेल? आमच्या लक्ष्मीचं तसं व्हायला नकोय.

त्यात २०२२ मध्ये, ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल कोचच्या प्रार्थनेच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने सरकार धर्माची बाजू घेतंय का हे ठरवायची १९७१ पासूनची लेमन कसोटी सोडून दिली आणि इतिहास व परंपरा बघा असं सांगितलं. अमेरिकेच्या परंपरेत दिवाळी कुठे बसवणार?

म्हणून विचारते. मंडळाच्या नावाने, मंडळाच्या पैशाने, तात्पुरत्या परमिटवर हाच देखावा मागता येईल का? तुमच्या गावात कोणी केलंय? फलकावर काय लिहिलंत, इन्शुरन्स कोणी काढला? आणि रात्री मूर्तीजवळ कोण थांबतं? उघड्यावर रात्रभर मूर्ती एकटी ठेवायला माझं मन धजत नाही.

प्रतिसाद

ताई, मी वकील नाही, पण आमच्या मंडळाने हे केलंय. आधी टाउनशिप क्लर्ककडे ओप्राखाली (न्यू जर्सीच्या माहिती अधिकार कायद्याखाली) अर्ज टाका आणि दोन गोष्टी विचारा: त्या हिरवळीवर आजवर खासगी संस्थांना परमिट दिलंय का, आणि तो मेनोरा कोणाचा आहे. मेनोरा टाउनशिपचाच असेल तर ते सरकारचं स्वतःचं बोलणं धरलं जातं, त्यात तुम्हाला जागा द्यायला ते बांधील नाहीत (सुप्रीम कोर्टाचा प्लेझंट ग्रोव्ह खटला, २००९). एखाद्या खासगी संस्थेने परमिट काढून लावला असेल, तर केवळ धार्मिक आहे म्हणून तुम्हाला नाही म्हणता येणं अवघड आहे. ओहायोचा पिनेट खटला (१९९५, सरकारी चौकातल्या खासगी क्रॉसबद्दल) आणि बॉस्टनच्या सिटी हॉलवरच्या खासगी ख्रिश्चन झेंड्याचा शर्टलेफ खटला (२०२२, ९-०) दोन्ही अर्जाला जोडा.

कमिटीला एक आधीच सांगून ठेवा. जागा सगळ्यांना खुली म्हणजे खरंच सगळ्यांना. इलिनॉयच्या विधिमंडळाच्या इमारतीत २०१८ मध्ये गव्हाण आणि मेनोराबरोबर सेटनिक टेंपल या सैतानाच्या नावाने चालणाऱ्या संघटनेचा सापाचा पुतळाही होता. तुमच्या शेजारी तसं काही आलं तर तक्रार करता येणार नाही.

'हा देखावा मंडळाने स्वखर्चाने मांडला आहे, टाउनशिपचा त्याच्याशी संबंध नाही' असा फलक ठळक अक्षरात लावा. इन्शुरन्स मंडळाच्या नावाने काढा, प्रमाणपत्र अर्जासोबतच द्या. पणत्यांबद्दल फायर मार्शलला आधी विचारा, आम्ही बॅटरीच्या लावल्या. मूर्तीसाठी आम्ही रोज संध्याकाळच्या तीन तासांचं परमिट मागितलं होतं. आरती झाली की मूर्ती घरी, कंदील आणि किल्ला तिथेच.