इंजिनाच्या हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट खोलायला गन की लांब दांडा?

थंडहेड:
चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दहा बोल्ट. माझं मत: इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लावूच नये. अर्धा इंची ड्राइव्हचा दोन फुटी ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना), सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि पूर्ण थंड झालेलं इंजिन, एवढं पुरतं. दोन फुटांवर ४० किलोचा जोर टाकला की बोल्टवर २४० न्यूटन-मीटरच्या आसपास पोचतात. हेडच्या एम१० (१० मिमी जाडीच्या) बोल्टला याहून जास्त लागायला लागलं तर दुखणं पान्यात नाही, बोल्टमध्ये आहे.

क्रम आवळण्याच्या उलट: बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाव फेरा, दुसऱ्या फेरीत अर्धा, मग मोकळे करायचे. गन एका दमात बोल्ट सोडते, त्याचा भार शेजारच्यावर जातो, हेड वाकतं आणि पुढचा मुक्काम सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे.

ठोकेबाज:
क्रम गननेही पाळता येतो की राव! बोट उचललं की गन थांबते.

खरा मुद्दा जाम बोल्टचा. सलग पीळ दिला की डोकं फिरतं, खालचे आटे जागचे हलत नाहीत आणि मधली लांब दांडी पिळून तुटते. गनचे ठोके आट्यांतला गंज फोडतात. सगळ्यात कमी सेटिंग, दोन-तीन सेकंद, बोल्ट हलला की थांबा. फक्त गोटी काळी, इम्पॅक्टची घ्या. क्रोमवाली चमकदार गोटी गनवर तडकते आणि तुकडा उडतो.

बारा_टोकी:
तुम्ही दोघं बाहेरून सहा कोनी डोकं धरून बोलताय. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच इंजिनांत हेडच्या बोल्टला आतून बारा टोकांची खाच असते, एक्सझेडएन. तीन चौकोन एकमेकांवर ३०-३० अंशांनी फिरवून ठेवावेत तसा आकार. टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट त्यात ‘बसल्यासारखा’ वाटतो, आणि तिथेच घात होतो: टोकं सोलली जातात, खाच गोल होते.

आधी टोकदार सुईने खाचेच्या तळाचा तेल-कार्बनचा चिखल खरवडा, हवा मारा. बिट तळाला टेकेपर्यंत घाला आणि वरून हातोडीचे दोन ठोके द्या. खाली मळ राहिला तर बिट दोन-तीन मिलिमीटर वर राहतो आणि फक्त काठावर पकडतो. या खाचेत गन घालणं म्हणजे बिट वर उडवून खाच मारणं.

थंडहेड:
हेच सांगायचं होतं. गंज फोडायला ठोकाच हवा ना? मग पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा गज) बोल्टच्या डोक्यावर ठेवून हातोडीने सरळ ठोका द्या. हादरा मिळतो, पीळ नाही.

ठोकेबाज:
डोक्यावरचा ठोका वॉशरची बैठक मोकळी करतो, हे मान्य. पण शंभरेक मिलिमीटर खालच्या आट्यांपर्यंत त्यातलं किती पोचतं? गंज सोडवायचं तेलही डोक्यापाशीच अडतं. आणि तुमचा दांडा लांब एक्स्टेन्शनवर (गोटी आणि दांड्यामधली कांडी) तिरका झाला की गोटी घसरते, त्याचं काय?

थंडहेड:
एक्स्टेन्शनच्या माथ्यावर, बोल्टच्या बरोबर वर डावा तळहात दाबून धरायचा. उजव्या हाताने दांडा स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. शिवाय लांब एक्स्टेन्शन गनचेही अर्धे ठोके खाऊन टाकतं, स्प्रिंगसारखं.

मापात_राहा:
मध्येच एक. टॉर्क रेंचने बोल्ट खोलणाऱ्यांनी कृपया ते थांबवा. ते आवळायचं मापयंत्र आहे, खोलताना त्याचं कॅलिब्रेशन (मापाचा नेमकेपणा) बिघडू शकतं.

ठोकेबाज:
कोनात (ठरलेले अंश फिरवून) आवळायचे बोल्ट असतील तर तसेही बहुतेक वेळा नवेच टाकायचे असतात. जुन्याचं डोकं खराब झालं तर झालं.

थंडहेड:
बोल्ट नवा येतो, ब्लॉकमधले आटे नवे येत नाहीत! अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे उपटले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवत बसा.

आणि दांड्यावर हाताला जे कळतं ते गनवर कळत नाही. ‘कर्र’ किंवा ‘टक्’ असा कोरडा आवाज आला तर बोल्ट सुटला. आवाज न येता दांडा रबरासारखा मऊ फिरत राहिला तर बोल्ट पिळला जातोय. तिथेच थांबा, पाव फेरा उलट आवळा, पुन्हा सोडा, असं पुढे-मागे करत काढा.

ठोकेबाज:
हा मुद्दा पटला. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला पहिला ‘टक्’ हाताने. पण बिडाचा जुना डिझेल ब्लॉक, बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उतरलेले, आटे तपकिरी, तिथे मी गनच काढणार.

बारा_टोकी:
काढा, पण बोल्ट त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असू शकते. आणि जोडण्याआधी बंद तळाची भोकं कोरडी करा. आत तेल-पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला की द्रव दबत नाही, ब्लॉकला चीर जाते.