तेइकाने निर्वासित सम्राटांच्या कविता वगळल्या, हे क्षम्य आहे का?

रानवाट (धागाकर्ता)

मध्ययुगीन जपानच्या दरबारी कवितेत फुजिवारा नो तेइकाइतका (११६२–१२४१) अधिकार क्वचितच कुणाला मिळाला असेल. पण तो अधिकार त्याला दिला कोणी? १२०० साली निवृत्त सम्राट गो-तोबाने कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या, तेव्हा यादीत तेइकाचं नाव नव्हतं. वडील शुनझेई स्वतः थोर कवी. त्यांनी म्हातारपणी सम्राटाला पत्र लिहून मुलाचं नाव घालायला लावलं. त्या शंभर कविता गो-तोबाला इतक्या आवडल्या की तेइकाला राजवाड्याच्या आतल्या दालनात प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी 'शिन-कोकिनशू' या राजसंग्रहाच्या संपादकांत त्याची नेमणूक झाली.

१२२१ मध्ये गो-तोबा कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठला आणि हरला. त्याला ओकी बेटावर धाडलं, त्याचा मुलगा जुनतोकु याला सादोवर. १२३५ मध्ये तेइकाने एकट्याने संपादलेला 'शिन-चोकुसेनशू' हा पुढचा राजसंग्रह पुरा झाला. त्यात या सम्राटांची एकही कविता नाही. योद्ध्यांच्या मात्र इतक्या, की योद्ध्यांशी जोडल्या गेलेल्या उजी नदीवरून लोकांनी त्याला 'उजी नदीचा संग्रह' असं नाव ठेवलं.

गो-तोबा तेव्हा ओकीवर जिवंत होता. ज्याने आपल्याला वर आणलं त्याला पुस्तकातून पुसायचं, हे मला क्षम्य वाटत नाही. कवी म्हणून तेइकाला मी फार मानतो, म्हणूनच हे जास्त लागतं.

शिशिर_क

असहमत. तुम्ही मधलं वर्ष गाळलंत. ज्याच्या आज्ञेने हा संग्रह सुरू झाला तो सम्राट गो-होरिकावा १२३४ मध्ये वारला. तेइकाने आपल्याजवळचं हस्तलिखित जाळून टाकलं. त्याच्या लेखी काम तिथेच संपलं होतं. नंतर दरबारातला बडा सरदार कुजो मिचिइए याने दुसरी प्रत मिळवली आणि कामाकुरा दुखावू नये म्हणून निर्वासित सम्राटांच्या शंभरेक कविता काढायला लावल्या. म्हणजे संपादकाने त्या कविता निवडल्या होत्या! दोष द्यायचा तर मिचिइएला द्या. सत्तरी ओलांडलेल्या, सतत आजारी माणसाने कामाकुराशी कसं लढावं, तेही सांगा.

रानवाट

लढू नये. नाव काढून घ्यावं. संग्रह त्याच्या नावाने पुढे आला आणि त्याने तो येऊ दिला.

आणि हा माणूस कामाकुराच्या पलीकडच्या तीरावर उभा होता असंही नाही. त्याची बायको साइओंजी घराण्यातली. मेहुणा किंत्सुने कामाकुराच्या बाजूचा, इतका की १२२१ मध्ये गो-तोबाने त्याला कोंडून ठेवलं होतं. मुलगा तामेइए याची बायको उत्सुनोमिया या योद्धा घराण्यातली. युद्धानंतर तेइकाची चढतीच झाली. १२३२ मध्ये ज्या पदासाठी तो आयुष्यभर झुरला ते गोन-चुनागोन हे दरबारातलं वरचं पद त्याला मिळालं. दबाव होता हे मान्य, पण त्या दबावात सोयही होती.

मंजिरी_द

दोघांनीही १२२० विसरू नका. सम्राट जुनतोकुच्या काव्यसभेत तेइकाने रस्त्याकडेच्या विलोवर एक कविता दिली, आपल्या दुःखाचा धूर त्यात आणला. गो-तोबाला ती आपल्यावरची तक्रार वाटली आणि तेइकाला काव्यसभांची दारं बंद झाली. एका कवितेवरून! ही बंदी उठायच्या आधीच युद्ध झालं. तेव्हा 'उपकारकर्त्याशी कृतघ्नपणा' ही मांडणी मला अर्धवट वाटते. गो-तोबाने काव्याविषयी जे लिहिलं त्यातही तेइकाच्या कौशल्याची स्तुती आहे, पण स्वतःपुढे कुणाचं ऐकत नाही, ही तक्रारही तितकीच ठळक आहे. हे नातं मालक-आश्रिताचं नव्हतं. दोन हट्टी कवींचं होतं.

शिशिर_क

+१. आणि 'ह्याकुनिन इश्शू' कुठे ठेवणार? तेइकाच्या नावावरची ही निवड, शंभर कवींची एकेक कविता. जपानमध्ये आजही नव्या वर्षात तिचे पत्ते खेळतात. तिच्यात ९९वी कविता गो-तोबाची आणि १००वी जुनतोकुची. काही माणसं प्रिय वाटतात, काहींचा राग येतो, जगाची चिंता करणारा मी असा खिन्न, हा गो-तोबाच्या कवितेचा भाव. राजसंग्रहात जे जमलं नाही ते त्याने खाजगीत केलं.

रानवाट

त्याने केलं की त्याच्या मुलाने? तेइकाचीच मानली जाणारी 'ह्याकुनिन शूका' ही जवळजवळ तशीच निवड आहे, आणि तिच्यात नेमक्या या दोन कविता नाहीत. शिवाय 'इश्शू'त दिलेलं 'गो-तोबा' हे नाव त्या सम्राटाला तेइकाच्या मृत्यूनंतर, १२४२ मध्ये मिळालं. म्हणजे निदान नावांवर तरी दुसऱ्या कुणाचा हात फिरला आहे. या पुराव्यावर तेइकाला सोडता येणार नाही.

जुना_कागद

मला वादाची चौकटच अपुरी वाटते. 'मेइगेत्सुकी' या त्याच्या रोजनिशीत ११८० सालाखाली ते प्रसिद्ध वाक्य आहे: लाल निशाणं आणि बंडखोरांवरच्या स्वाऱ्या, यांच्याशी मला कर्तव्य नाही. बरेच अभ्यासक मानतात की हे त्याने उतारवयात घातलं. तसं असेल तर हे विशीही न गाठलेल्या पोराचं वाक्य नाही, १२२१ पाहिलेल्या म्हाताऱ्याचं आहे. तरी त्याच रोजनिशीत १२३० च्या दुष्काळात घराची बाग खणून धान्य पेरल्याची नोंद आहे. जगाकडे पाठ फिरवलेला माणूस असं लिहीत नाही.

ज्या १२३५ वर आपण भांडतोय, त्याच वर्षी त्याने जुना कवी कि नो त्सुरायुकी याच्या हातची 'तोसा निक्की' ही प्रवासाची रोजनिशी समोर ठेवून तिची प्रत केली. त्सुरायुकीची मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. 'गेंजी' ही कादंबरी आणि 'साराशिना' ही आठवणींची वही आपण ज्या रूपात वाचतो त्यामागेही त्याचाच हात आहे. शंभर कविता काढल्याचा हिशोब मांडताना हा हिशोबही मांडावा लागेल.

रानवाट

मांडतो, आणि त्या प्रतींपुढे हात जोडतो. पण जतन करण्याची किंमत त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून तर वगळण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त येते.

मंजिरी_द

मग गो-तोबालाही तोच नियम लावा. ओकीवर बसून त्याने 'शिन-कोकिनशू'मधून सुमारे ४०० कविता गाळल्या आणि हीच खरी प्रत असं म्हटलं. त्याच्यावर तर कुणाचाच दबाव नव्हता.