प्रति: बटण सोडलं की गॅस हीटर विझतो

वर दोघांनी रेग्युलेटर बदलायला सांगितलंय. मला नाही पटत. बटण दाबून धरलं तोवर पायलटची (बर्नर पेटवणारी छोटी) ज्योत जळते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे गॅस येतोय. संशय थर्मोकपलवर घ्या. ज्योतीसमोरची ती बारीक धातूची कांडी तापली की थोडी वीज तयार होते आणि तिच्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. कांडीवर काजळी असेल किंवा ज्योत पिवळी, मरतुकडी असेल तर ती पुरेशी तापतच नाही. आमच्याकडे रावेर भागात केळीला रात्रीचं पाणी भरायचं म्हणून मळ्यातल्या खोलीत असा हीटर असतो. थंडी सरली की तो पोत्याखाली जातो आणि पुढच्या कार्तिकात बाहेर काढावा तर पायलटच्या भोकात कोळ्याचं जाळं! हवा मारून साफ करा, सुई घालू नका, भोक मोठं होतं. कांडी बारीक पॉलिश पेपरने पुसा.

'थंडीत गॅस गोठतो' म्हणणाऱ्या भाऊंना एवढंच, की सिलिंडरमधल्या गॅसपैकी प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळून वायू होत राहतो, ब्युटेन शून्याच्या जरा खालपर्यंत. धुळ्याच्या ६-७ अंशांत गोठायचा प्रश्न नाही. हां, छोट्या सिलिंडरवर मोठा हीटर तासन्‌तास चालवला तर टाकी गार पडून प्रेशर उतरतं, ते खरं. पण दार लावलेल्या खोलीत हीटर तासाभराने आपोआप विझत असेल, तर बहुधा ऑक्सिजन कमी झाल्याने सेन्सरने तो बंद केलाय. काही जण तो सेन्सर बायपास करून देतात. अजिबात करून घेऊ नका, खिडकी उघडा.