शब्दचर्चा : 'वेव्हटेबल'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठेतून :
नमस्कार मंडळी. बीबीसी मायक्रोवर आवाज कसा वाजवायचा, याचं मराठी टिपण लिहून राहिलो आहे. १९८४ पासून 'क्लास' प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांना मिळाला तोच हा कॉम्प्युटर. वाचणारी मुलं आठवी-नववीची, मराठी माध्यमाची. तरंग, वारंवारता, आयाम हे शब्द त्यांना शाळेतूनच मिळतात. 'वेव्हटेबल'पाशी मात्र अडलो. 'तरंगसारणी' लिहिलं आहे, पण मन भरत नाही. त्यातून मुलांना नेमकं काय कळेल?

महालातून :
भाऊ, आधी कोणता वेव्हटेबल ते ठरवा. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. १९९०च्या दशकातल्या साउंड कार्डांवर, उदाहरणार्थ १९९४च्या एडब्ल्यूई३२वर, वेव्हटेबल म्हणजे खऱ्या वाद्यांचं ध्वनिमुद्रण मेमरीत भरून ठेवलेलं. जुन्या आठ-बिट यंत्रांत एवढी जागाच नव्हती. तिथे वेव्हटेबल म्हणजे तरंगाच्या फक्त एका आवर्तनाचे आकडे, बहुतेक वेळा २५६. हॅल चेंबरलिन यांनी १९७७ साली 'बाइट' मासिकात किम-१ या छोट्या आठ-बिट कॉम्प्युटरवर चार स्वर एकदम वाजवायची रीत मांडली, ती यावरच उभी आहे.

२५६च का, हे टिपणात जरूर सांगा. तेवढ्या घरांचा क्रमांक एका बाइटात मावतो. २५५ नंतर एक मिळवला की आपोआप शून्य येतं. तबल्याच्या ठेक्यासारखं पुन्हा समेवर. 'टेबल संपलं का' हे तपासावंच लागत नाही आणि तेवढा वेळ वाचतो. सेकंदाला ८००० आकडे बाहेर पाठवायचे म्हटलं, तर बीबीसी मायक्रोतल्या २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ प्रोसेसरला दर आकड्यामागे फक्त २५० सायकल, म्हणजे घड्याळाचे ठोके, मिळतात.

आता सूर कसा बदलतो ते पाहा. आपल्या संगीताच्या पुस्तकांत षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरतात. २५६ गुणिले २४०, भागिले ८००० : उत्तर ७.६८. म्हणजे दर वेळी टेबलात ७.६८ घरं पुढे सरकायचं. अपूर्णांक हरवू नये म्हणून मोजक दोन बाइटांचा घ्यायचा, वरच्या बाइटात घर आणि खालच्यात अपूर्णांक. ७.६८ गुणिले २५६ म्हणजे १९६६, हे षड्जाचं पाऊल. पंचम ३६० कंपनांचा, त्याचं पाऊल २९४९. आकड्यांचं टेबल दोन्हीला तेच! सूर पावलात असतो आणि आवाजाची जात टेबलात. हा भाग मुलांना वहीवर करायला लावा, फार गोडी लागते.

म्हणून माझं मत 'आवर्तन-कोष्टक'ला.

प्रतापनगरातून :
'आवर्तन' मला पटतं. टेकडीच्या गणपतीपुढे अथर्वशीर्षाची आवर्तनं करतो, तबल्यातही तोच शब्द. मुलांना परका नाही. पण 'कोष्टक' नागपुरात नको. इथल्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असतं, आणि हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस. आमच्या शिकवणीत 'कोष्टक काढा' म्हटलं की दोघं-तिघं हमखास कंस काढतात.

महालातून :
हे ध्यानात आलं नव्हतं, ताई. मग 'आवर्तन-सारणी' करू या का?

प्रतापनगरातून :
तेही अडचणीचं. दहावीला मूलद्रव्यांची आवर्तसारणी येते. एका अक्षराच्या फरकानं रसायनशास्त्रात जाऊन पडू.

धरमपेठेतून :
दोघांचेही आभार. आता वाटतं, 'तरंगसारणी' राहू द्यावी आणि 'आवर्तन' हा शब्द व्याख्येत आणावा. असं लिहितो :

तरंगसारणी : तरंगाच्या एका पूर्ण आवर्तनातल्या आयामांची क्रमवार यादी. ती ठरावीक पावलानं पुन्हा पुन्हा वाचली की स्वर तयार होतो.

पुढे आणखी एक सारणी येते, तिचंही नाव लागेल. बीबीसीच्या ध्वनिचिपचा स्वर ऐकू येण्यापलीकडच्या वारंवारतेवर ठेवून फक्त आवाजाची पातळी झरझर बदलायची, अशी युक्ती आहे. पातळ्या सोळा, पण त्या सारख्या अंतराच्या नाहीत. दर पायरीला २ डेसिबल उतार. आयाम निम्मा व्हायला तीनच पायऱ्या उतराव्या लागतात, आठ नाही. आकड्याला सरळ सोळानं भागलं तर तरंगाचा आकारच बिघडतो आणि बासरीऐवजी खरखर ऐकू येते. म्हणून कोणत्या आयामाला कोणती पायरी, याची वेगळी यादी करून ठेवावी लागते.

महालातून :
तिला सरळ 'पातळी-सारणी' म्हणा. दोन्ही सारण्या शेजारी-शेजारी छापा, म्हणजे घोळ होणार नाही.

धरमपेठेतून :
पटलं. कोडमध्ये मात्र नाव वेव्हटेबलच ठेवतो. मुलं पुढे जुन्या मासिकांतले प्रोग्रॅम वाचतील तेव्हा त्यांना हाच शब्द भेटणार आहे.